एकच डाव घोटवा: मुंबईत कुस्ती शिकायला निघालेल्यांसाठी

कुस्ती शिकायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बहुतेक जण नोकरदार असतात, पंचविशी ते चाळिशीतले. कुणी लहानपणी गावच्या जत्रेत कुस्त्या पाहिलेल्या असतात, कुणाला हल्ली जूडो किंवा जुजुत्सू हे कुस्तीसारखेच धरपकडीचे प्रकार पाहून ओढ लागलेली असते. मोबाईलमध्ये डावांचे ढीगभर व्हिडिओ साठवलेले असतात आणि त्यातला एकही डाव अंगात उतरलेला नसतो. अशांना मी जे सांगतो, तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

पहिल्या सहा महिन्यांत पाच गोष्टी आल्या तरी पुष्कळ झालं. नीट पडता येणं, पवित्रा, एक डाव, त्याच डावाची तोड, आणि खाली सापडल्यावर न घाबरता बाहेर पडणं. ढाक, कलाजंग, मोळी, धोबीपछाड ही डावांची नावं कानाला गोड लागतात, पण त्यांची घाई नको. एक डाव पक्का झालेला माणूस दुसरा लवकर शिकतो. दहा डाव अर्धवट आलेला माणूस वर्षानंतरही खडाखडीतच, म्हणजे डाव न मारता नुसत्या हात-मानेच्या झटापटीत, अडकलेला दिसतो.

जागा निवडताना

मुंबईला कुस्ती नवी नाही. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी लालबाग-परळच्या चाळींत बिऱ्हाडं मांडली आणि गावची तालीमही इथेच उभी केली. पाळी सुटली की लंगोट लावून मातीच्या हौद्यात उतरायचं, मग खानावळीत जेवायचं, असा कित्येकांचा दिवस होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. तरीही गिरणगावातल्या काही व्यायामशाळांत लाल माती आजही खणली जाते. उपनगरांत गादीवरची कुस्ती जास्त. कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथल्या गादीवर नरसिंग यादव घडला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं आणि २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा तो महाराष्ट्र केसरी झाला. अंधेरी-वांद्र्याकडे जुजुत्सूचे वर्ग आहेत, त्यांची फी महिन्याला काही हजार होते. व्यायामशाळेतली फी बहुधा नाममात्र असते.

माती घ्यावी की गादी, जूडो की जुजुत्सू, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नवशिक्यासाठी माझं उत्तर एकच आहे: घर किंवा कचेरीपासून जी जागा जवळ, ती. बोरिवलीच्या माणसाने नावाजलेला वस्ताद म्हणून रोज संध्याकाळच्या गर्दीत परळ गाठायचं ठरवलं, तर दोन महिन्यांत त्याचं जाणं सुटेल. ज्या विद्येचा सगळा भार परत परत करण्यावर आहे, ती विद्या जिथे सहज जाता येईल तिथेच शिकावी.

पण जवळची जागाही आधी बसून बघा. एक संध्याकाळ कोपऱ्यात शांतपणे बसा. तिथला सगळ्यात नवखा, सगळ्यात हलका मुलगा शोधा आणि त्याच्याशी बाकीचे कसे वागतात ते पाहा. त्याच्यावर जोर काढला जातोय, की कुणी जाणता पैलवान त्याला हळू लढवतोय? वस्तादांची नजर फक्त स्पर्धेच्या पोरांवर आहे, की पहिल्या आठवड्यातल्या माणसाच्या पवित्र्यावरही आहे? गादी रोज पुसली जाते का? हौद्यातली माती रोज खणून भुसभुशीत करतात का? कुणी ‘थांब’ म्हणालं किंवा हाताने थाप मारली, तर पकड तत्क्षणी सुटते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथून उठा आणि परत जाऊ नका.

मुलींनी आणि बायकांनी आधी चौकशी करून जावं, कारण जुन्या तालमींत त्यांच्यासाठी सोय सहसा नसते. गादीवरच्या वर्गांत मात्र चित्र बदललंय. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, आणि त्यानंतर मुलींना कुस्तीला घालायचं का, हा प्रश्न घराघरांत पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही.

अंग आणि कपडे

चाळिशीच्या आसपास असाल, रक्तदाब किंवा मणक्याचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नखं अगदी मुळापर्यंत कापा, बोटातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. पहिल्या महिन्यात बूट विकत घ्यायची गरज नाही. साधा घट्ट टीशर्ट आणि खिसे-चेन नसलेली चड्डी पुरे. मातीत उतरणार असाल तर लंगोट कसा लावायचा ते तालमीतला कुणीही दाखवेल.

स्वच्छतेबद्दल मात्र मी कडक आहे. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, कपडे वाळत नाहीत आणि गजकर्ण झपाट्याने पसरतं. एकाला झालं की पंधरवड्यात निम्मी तालीम खाजवताना दिसते. म्हणून तालमीहून निघण्याआधी अंघोळ करा, तिथे पाणी नसेल तर घरी पोचल्या पोचल्या. ओले कपडे बॅगेत रात्रभर कोंडू नका. दोन जोड ठेवा, आलटून पालटून वापरा. अंगावर गोल, लालसर, खाजणारा चट्टा दिसला तर मित्राने सुचवलेलं मलम लावत बसण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ते हो म्हणेपर्यंत कुणाच्या अंगाला अंग लावू नका. घरी बसून राहणं जिवावर येतं, पण जोडीदाराबद्दलचा आदर इथूनच सुरू होतो.

आधी पडायला शिका

पडण्याची भीती गेल्याशिवाय कुठलाही डाव खुलत नाही. भीती असलेला माणूस ताठ उभा राहतो, आणि ताठ माणूस उचलायला सगळ्यात सोपा. मागे पडताना हनुवटी छातीला टेकलेली हवी, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करा, आणि पाठ टेकते त्या क्षणी दोन्ही हातांनी, तळव्यापासून कोपरापर्यंत, जमिनीवर सपाट थाप मारा. जूडोवाले हे महिनोन्‌महिने करून घेतात, आणि ते जिथे शिकायला मिळेल तिथून उचलावं. एक गोष्ट कधीच करायची नाही: पडताना सरळ हात मागे टेकवायचा नाही. नवख्यांची मनगटं आणि कोपरं मोडतात ती बहुतेक अशीच.

पवित्रा म्हणजे उभं राहण्याची रीत. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक किंचित पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, कोपरं बरगड्यांजवळ, मान वर आणि नजर समोरच्याच्या छातीवर. सरकताना पाय एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत मांड्या इतक्या भरून येतील की लोकलच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागेल. तो त्रास ओसरतो, पण पवित्र्याचा सराव कधीच संपत नाही. जाणते पैलवानही रोजच्या सुरुवातीला हेच करतात.

एकेरी पट

एकच डाव निवडायचा तर मी एकेरी पट निवडेन. समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली आणायचं, इतका साधा विचार. तो मातीत चालतो, गादीवर चालतो, जुजुत्सूत चालतो, आणि लहानखुऱ्या माणसाला मोठ्यावर मारता येतो. लहानपणी कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडलेल्या लालबाग-प्रभादेवीच्या पोरांना तो लवकर येतो, कारण पायाकडे झेपावायची भीती त्यांच्यात मुळातच नसते.

दोघांचेही उजवे पाय पुढे आहेत असं धरा, आणि तुम्हाला त्याचा उजवा पाय घ्यायचाय. थेट पायाकडे उडी मारली तर तो सावध होतो. आधी एक हात त्याच्या मानेमागे घालून मान खाली खेचा. माणूस मान खेचली की वर उसळतो, हे जवळपास नेमाने घडतं. तो वर उसळतो त्याच क्षणी तुम्ही खाली जायचं. कमरेत वाकून नाही, गुडघ्यांत बसून. तुमचं डोकं त्याच्या पोटाच्या पातळीवर आलं पाहिजे आणि पाठ सरळ राहिली पाहिजे.

आता उजवं पाऊल त्याच्या दोन पायांच्या मधोमध खोल टाका. उजवा गुडघा जमिनीला निसटता टेकेल, तिथे थांबायचं नाही. डावा पाय बाहेरून वळवून त्याच्या बाजूला आणा. दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे गुंफा. त्याची मांडी तुमच्या छातीला चिकटलेली हवी, मध्ये हाताची बोटं जातील एवढीही फट नको. डोकं आतल्या बाजूला, त्याच्या बरगड्यांना दाबून. या डावात डोकं म्हणजे तिसरा हात, त्याने समोरच्याला ढकलत राहायचं असतं.

पाय हातात आला की वर उठा. इथे बहुतेक नवखे पाय धरून हुश्श करतात आणि समोरचा एका पायावर नाचत सुटून जातो. पाय मिळाला म्हणजे निम्मंच काम झालं. उठल्यावर लगेच खांद्याने त्याची मांडी खाली दाबत, बाहेरचा पाय मागे टाकत, गोल फिरा. त्याचा पाय तुमच्याकडे खेचला जातो, वजन मागे जातं आणि तो बसतो. तो बसला की थांबू नका, लगेच वर चढून कब्जा घ्या.

चुका ठरलेल्या आहेत. लांबून झेप घेणं, नुसत्या हातांनी पाय ओढणं, आणि सगळ्यात वाईट, डोकं खाली घालणं. डोकं खाली गेलं की मातीत समोरचा तुमच्या मानेवर भार टाकून दमवतो, जुजुत्सूत तो गळाच आवळतो. जोडीदाराला सांगून ठेवा: माझं डोकं खाली दिसलं की दरवेळी मानेवर हात ठेव. आठवड्याभरात सवय सुटेल.

तोडही याच काळात शिका. समोरचा पायाकडे आला की दोन्ही पाय झटक्यात मागे फेकायचे, कंबर त्याच्या खांद्यावर जड करून सोडायची, हाताने त्याचं डोकं बाहेर ढकलायचं आणि बाजूने फिरून पाठीवर जायचं. डाव आणि तोड एकत्र शिकल्याचा फायदा असा की जोडीदार तोड घोटवत असताना तुम्ही डाव घोटवता, कुणाचाच वेळ वाया जात नाही.

घोटवायचं म्हणजे काय करायचं

आमच्याकडे डाव ‘घोटवतात’, म्हणजे परत परत करून अंगात मुरवतात. बैठका मोजतात तसे डाव मोजणारे खूप भेटतात: आज दोनशे पट मारले. पण दीडशेवा पट पाठ वाकवून मारला असेल, तर त्या माणसाने पाठ वाकवण्याचीच सवय पक्की केली. म्हणून आकडा लहान ठेवा. एका बाजूने दहा, दुसऱ्या बाजूने दहा, असे तीन फेरे. दमून आकार बिघडायला लागला की त्या दिवशीचं घोटवणं तिथेच थांबवा आणि उरलेला दम जोर-बैठकांत घाला.

घोटवण्याला पायऱ्या आहेत, आणि एक पायरी गाळली की पुढची लंगडी होते.

पहिली पायरी एकट्याची. आरशासमोर किंवा चाळीच्या गॅलरीत, हवेत, हळू. खाली बसणं, पाऊल टाकणं, वळणं, उठणं. इथे वेगाची काडीची गरज नाही.

दुसऱ्या पायरीत जोडीदार स्थिर उभा राहतो. जूडोत या प्रकाराला उचिकोमी म्हणतात: डावाची सुरुवात पुन्हा पुन्हा करायची, पकड, पाऊल, अंग जुळवणं, आणि फेकण्याच्या आधी थांबून परत मागे यायचं. एकेरी पटालाही ही पद्धत चांगली लागू पडते. प्रत्येक वेळी जोडीदाराला विचारा, मांडीला छाती लागली का? त्याला जे जाणवतं ते तुम्हाला दिसत नाही.

तिसऱ्या पायरीत जोडीदार चालता असतो. विरोध करत नाही, फक्त मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकतो. इथे पहिल्यांदा कळतं की डाव पायांवर उभा असतो. उभ्या माणसावर सुरेख बसणारा पट चालत्या माणसावर फसतो, कारण अंतर बदलतं. या पायरीवर नवख्यांनी निदान महिनाभर राहावं. सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं आणि सगळ्यात कमी वेळ लोक इथेच देतात.

चौथ्या पायरीत जोडीदार दोनपैकी एक प्रतिक्रिया देतो, कुठली ते आधी सांगत नाही. मान खेचली की एकदा वर उसळेल, एकदा उलट खाली दाबेल. वर उसळला तर पट मारायचा, दाबला तर मागे सरून पुन्हा मान धरायची. आता तुम्ही डाव मारण्याबरोबर तो कधी मारायचा नाही हेही शिकताय.

पाचवीत सुरुवातच अर्ध्या डावातून होते. पाय हातात आहे, तो पूर्ण ताकदीने सोडवतोय, तुम्ही पाडायचंय. वीस-तीस सेकंद, मग अदलाबदल. आणि शेवटी पूर्ण लढत, पण एका अटीवर: त्या दिवशी तुमच्या हिशेबात गुण फक्त एकेरी पटाचा. दुसऱ्या कशाने जिंकलात तर ते मोजायचं नाही.

काही आठवड्यांनी तोड, कब्जा आणि खालून सुटणं हेही सोबत असेल, तेव्हा क्रम मिसळा. दहा पट, मग दहा तोडी, असं ओळीने करण्याऐवजी एक पट, एक तोड, एक सुटका, परत पट. हे करताना सगळं बिघडल्यासारखं वाटतं आणि पोरं वैतागतात. १९७९ मध्ये शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता, छोट्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायच्या. एकच प्रकार सलग करणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी चांगली दिसली, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव केलेले पुढे निघाले. तालमीतही मला हेच दिसत आलंय. सरावात सुबक दिसणारा मुलगा लढतीत गोंधळतो, आणि मिसळून शिकलेला, सरावात अडखळणारा, लढतीत वाट काढतो.

जोडीदाराच्या कामाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. तुमची पाळी नसते तेव्हाही तुम्ही शिकत असता. पायरीला जेवढा विरोध ठरलाय तेवढाच द्या. दुसऱ्या पायरीवर उगाच पाय घट्ट रोवणारा माणूस समोरच्याचं शिकणं थांबवतो, आणि पाचव्या पायरीवर सैल सोडणारा त्याला खोटा विश्वास देतो. चांगल्या जोडीच्या शोधात राहा आणि मिळाली की ती जपा.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे मला महत्त्वाचं वाटतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान मातीत घडलेला. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्याला नवखे होते, तरी तो सहावा आला. पुढची चार वर्षं त्याने मेहनत वाढवली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याची जयंती, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळली जाते. सहावा ते तिसरा हा प्रवास पुन्हा पुन्हा केलेल्या मेहनतीचा आहे, आणि त्या चार वर्षांकडे कुणी फारसं पाहत नाही याची मला खंत वाटते.

लढवय्याचं मन

लढवय्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रागाने लाल झालेला चेहरा येतो. रागावलेला पैलवान श्वास धरतो, मुठी आवळतो, आणि दोन मिनिटांत संपतो. ज्यांना मी खरे लढवय्ये मानतो ते लढतीत कमालीचे शांत असतात. ही शांतता काहींना जन्मजात असेल, बाकीच्यांना ती डावासारखीच घोटवावी लागते. ती कशी घोटवायची ते सांगतो.

आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम खालून सुरुवात करा. तुम्ही खाली, जोडीदार वर, दोन मिनिटं. पहिल्यांदा छातीवर पूर्ण वजन आलं की जीव घुसमटतो, श्वास आखडतो, हातपाय झाडावेसे वाटतात. त्या क्षणी आधी श्वास सोडा, लांब. मग कोपरं अंगाजवळ आणा. मग एकच गोष्ट ठरवा: एक गुडघा अंगाखाली आणायचा, बस. तो आला की पुढची. दोन महिन्यांत तुम्हाला खाली पडून विचार करता येऊ लागेल, आणि ज्याला खाली पडून विचार करता येतो त्याला वर राहूनही नीट लढता येतं.

सोडायला शिका. सांध्यावर ताण आला, गळा आवळला गेला, तर वेळेत थाप मारा, तोंडाने ‘थांब’ म्हणा. न सोडण्यात मर्दुमकी मानणारे महिनाभर हात गळ्यात अडकवून बसतात, आणि तेवढा महिना त्यांचं घोटवणं बंद पडतं. ज्याने तुम्हाला हरवलं त्याला लढत संपल्यावर विचारा, कुठे सापडलो? बहुतेक जण आनंदाने सांगतात.

रोज एक लढत आपल्यापेक्षा सरस माणसाशी आणि एक आपल्यापेक्षा नवख्याशी करा. सरस माणसासमोर टिकायचा प्रयत्न करा. नवख्यासमोर फक्त आज घोटवलेलं वापरा, ताकद वापरायची नाही. सोळा वर्षांचं पोरगं तुम्हाला सहज पाठीवर घालेल, हे मनाशी आधीच मान्य करून टाका. ते पोरगं दहा वर्षांचं असल्यापासून इथे येतंय.

तालमीत शिरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात, मारुतीला नमस्कार करतात, लढतीआधी सलामी देतात. ज्याची श्रद्धा असेल त्याने श्रद्धेने करावं. ज्याची नसेल त्यानेही तो क्षण पाळावा, कारण तिथे कचेरी, घरचा हप्ता, चुकलेली लोकल हे सगळं बाहेर ठेवायचं असतं. डोक्यात साहेबांशी भांडण घेऊन लढणारा माणूस जोडीदाराला दुखावतो.

आणि इमारतीतल्या भांडणात, फलाटावरच्या धक्काबुक्कीत ही विद्या वापरायचा विचार मनात असेल, तर वस्ताद ते दोन दिवसांत ओळखतात. सिमेंटच्या फरशीवर मारलेला पट समोरच्याचं डोकं फोडू शकतो. रस्त्यात शक्यतो निघून जावं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक मरगळ येते. काहीच जमत नाही, उलट मागे जातोय असं वाटतं. सोडून जाणारे बहुतेक इथेच जातात. या काळासाठी एक छोटी वही ठेवा. रोज परत येताना लोकलमध्ये दोन ओळी: आज पट कुठे अडकला, आज खालून कसा सुटलो. मन म्हणतं काहीच होत नाही, वही वेगळं सांगते.

आठवडा, खुराक, दुखणं

नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस तालीम पुरेशी आहे. मधल्या दिवशी घरी दहा मिनिटं पवित्रा आणि हवेतला पट, थोडे जोर, थोड्या बैठका. पूर्ण ताकदीच्या लढती आठवड्यात एकाच दिवशी. झोप कापून सकाळी पाचला तालीम गाठण्यापेक्षा संध्याकाळची वेळ घ्या. शिकलेलं झोपेतच मुरतं.

खुराकाचं फार गूढ करू नका. डाळ, उसळ, अंडी, दूध, ज्यांना चालतं त्यांना मासे आणि चिकन, पोटभर भात-पोळी. बदामाची थंडाई छान लागते, पण ती परवडत नाही म्हणून कुणी मागे पडत नाही. मुंबईच्या घामात पाणी आणि मीठ मात्र विसरू नका. स्पर्धेच्या नादात वजन उतरवायच्या भानगडीत पहिली दोन वर्षं अजिबात पडू नका. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेजकुमार पैलवान वजन घटवताना दगावले होते. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम लढतीच्या दिवशी शंभर ग्रॅमने बाद झाली, रात्रभर धडपडूनही. तिच्यामागे डॉक्टर आणि प्रशिक्षकांचा ताफा होता. तुमच्यामागे नाही.

कान सुजला, त्यात पाणी झाल्यासारखं मऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला की तो कायमचा मोडतो. मोडलेला कान पैलवानकीची खूण म्हणून मिरवण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. गुडघ्यात कट्ट आवाज होऊन सूज आली, मानेतून हाताकडे मुंग्या गेल्या, डोकं आपटून गरगरलं, तर लढत तिथेच बंद.

सहा महिन्यांनंतर

आता एखादी छोटी स्पर्धा किंवा दुसऱ्या तालमीतली लढत करून बघायला हरकत नाही. मातीत निकाल चितपटीने, दोन्ही खांदे टेकले की संपलं. गादीवर फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. पाडून ताबा घेतला तर दोन गुण, समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं तर एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत थांबते. जाताना योजना एका वाक्याची ठेवा: मान खेचायची, पट मारायचा. त्याहून जास्त डोक्यात राहत नाही.

दुसरा डाव कुठला घ्यावा, हे वहीत बघा. पट साधारण तीन ठिकाणी अडकतो. समोरचा कंबर टाकून पाय मागे नेतो, असं जास्त वेळा लिहिलं असेल, तर त्याच्या कमरेखालून बाजूला निघून पाठीवर जायचं शिका. पाय हातात येतो पण तो दुसऱ्या पायावर उड्या मारत टिकतो, असं असेल तर त्या उभ्या पायाला लावायची टांग शिका. पायापर्यंत पोचताच येत नसेल, तर नवा डाव नको, तिसऱ्या पायरीवर परत जा. वही वस्तादांसमोर उघडून ठेवा आणि तेवढंच विचारा.